भित्तितक्त्यासाठी अक्षरवळणाची निवड

पहिलीच्या वर्गात भित्तितक्ता लावावयाचा झाल्यास अक्षराचे वळण प्रथम पाहावे, शोभा नंतर. हल्ली तक्ते संगणकावर सिद्ध होतात, आणि घोटाळा तेथेच होतो. लोणावळा, कार्ले, मळवली ही मावळातील मुलांच्या नित्य परिचयाची नावे. तिन्हींत ‘ल’ आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही वळणे प्रमाण ठरविली. परंतु संगणकावरील पुष्कळ फाँट हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ पुढे करतात. पुस्तकात एक ‘ल’ आणि भिंतीवर दुसरा! अक्षरे नुकतीच ओळखू लागलेले मूल गोंधळते, व दोष मात्र आपण त्याच्या स्मरणशक्तीस देतो.

म्हणून फाँट निवडताना ‘शाळा’ व ‘लोणावळा’ हे दोन शब्द आधी उमटवून पाहावेत. काही फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निश्चित केल्यास योग्य वळण आपोआप येते. नंतर तक्ता शेवटच्या रांगेत बसून वाचावा. आपल्याकडे पावसाळ्यात भर दुपारी वर्गात अंधारून येते. त्या वेळी बारीक रेघेचे नाजूक अक्षर मुलांना दिसतच नाही. चिक्कीच्या दुकानांवरील पाट्यांसारखे नक्षीदार अक्षर स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेस खुशाल योजावे.