लाल टेलिफोनची खोली आपल्या गावात का नव्हती?

प्रश्न : कॅलेंडरवर किंवा बिस्किटांच्या डब्यावर इंग्लंडमधल्या खेड्याचे चित्र असते. हिरवी टेकडी, दगडी कुंपण, आसपास चिटपाखरू नाही आणि मधोमध टेलिफोनची लाल, काचेची खोली. एवढ्या आडरानात फोन करायला जात तरी कोण? आपल्यावर दीडशे वर्षे इंग्रजांचे राज्य होते, मग अशा खोल्या आपल्याकडे का नाहीत? आणि एखादी आणून पूर्णेकाठच्या आमच्या शेतात उभी केली तर?
– एक वाचक, पूर्णा (जि. परभणी)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नात एक छोटीशी गफलत आहे, ती आधी दूर करू. पूर्णेवर इंग्रजांचे थेट राज्य कधी नव्हतेच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तुमचे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रेल्वे निजामाची, टपालखाते निजामाचे, पत्रावर तिकीटही निजामाचेच. पण राज्यकर्ता कोण होता, यावर सगळे खापर फोडून चालणार नाही. थेट इंग्रजी अमलाखालच्या पुणे-नाशिक भागातही अशा लाल खोल्या खेडोपाडी कधी दिसल्या नाहीत. खरे कारण वेगळे आहे.

चित्रातली ती खोली राणी व्हिक्टोरियाच्या काळातली असावी, असा बहुतेकांचा समज असतो. तसे नाही. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पीने तिचा थोरला नमुना १९२४ च्या स्पर्धेसाठी केला. खेड्यापाड्यांत पोहोचला तो त्याचा आटोपशीर धाकटा भाऊ, ‘के-६’. पंचम जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये तो आखला गेला आणि पुढच्या वर्षापासून बसवायला सुरुवात झाली. पुढे असे सुमारे ६० हजार नमुने उभे राहिले. ‘के-६’ आला तोवर मनमाड-हैदराबाद मार्गावरच्या तुमच्या पूर्णा स्टेशनातून तीस-पस्तीस वर्षे गाड्या धावत होत्या! म्हणजे जुनेपणाचा मान लाल खोलीपेक्षा तुमच्या स्टेशनाचा.

आता रंग. स्कॉटची सूचना बाहेरून चंदेरी आणि आतून हिरवट निळा अशी होती. पण ब्रिटनमध्ये १९१२ पासून टेलिफोन जवळजवळ सगळा टपालखात्याकडे होता. टपालपेट्या लाल, म्हणून फोनची खोलीही लाल. शिवाय ती लांबून दिसायला हवी होती. यावर गंमत अशी, की आज ज्या लाल रंगासाठी पर्यटक तिच्यापुढे फोटो काढतात, त्याच रंगाने आमचा देखावा बिघडतो, अशी तक्रार तेव्हा निसर्गरम्य भागातले लोक करत. काही ठिकाणी खात्याला नमते घ्यावे लागले आणि खोली राखाडी रंगवून फक्त खिडक्यांच्या पट्ट्या लाल ठेवाव्या लागल्या.

तिथे जात कोण, याचे उत्तर सोपे आहे : ज्यांच्या घरी फोन नव्हता ते सगळे. त्या काळी इंग्लंडच्या खेड्यांतही घरोघरी फोन नव्हते. रात्री डॉक्टरला बोलवायचे, गाय अडली म्हणून जनावरांच्या डॉक्टरला कळवायचे, तर कंदील घेऊन त्या खोलीपर्यंत चालत जायचे. चित्रकार माणसे वगळतो, म्हणून ती आडरानात वाटते. प्रत्यक्षात ती चार-सहा वस्त्यांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला असे.

आता मुद्द्याचे. या खोलीत पैसे घ्यायला कोणी बसलेले नसे. हिशेब यंत्र करी. नाणी टाकायची, नंबर लावायचा, पलीकडून उत्तर आले की ‘ए’ बटण दाबायचे, म्हणजे नाणी पेटीत जात आणि बोलणे सुरू होई. कोणी उचललेच नाही तर ‘बी’ बटण दाबून नाणी परत घ्यायची. अशी बिनमाणसाची व्यवस्था चालवायला गावोगाव तारा, एक्स्चेंज, दुरुस्तीला येणारा माणूस आणि पेटी रिकामी करणारा माणूस एवढे सगळे लागते. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या वेळी पस्तीस कोटींच्या देशात एकूण टेलिफोन होते सुमारे ८० हजार, आणि तेही मुख्यतः शहरांत. फोनच नाही, तिथे त्याची खोली कुठून येणार?

बरे, पुढे फोन आले तेव्हा तरी खोल्या का नाही उभारल्या? कारण तोपर्यंत आपल्याला अधिक स्वस्त आणि अधिक भरवशाची युक्ती सापडली होती : पेटीऐवजी माणूस. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि खेड्यातल्या धुळीत, उकाड्यात वातानुकूलनाशिवाय चालतील अशी छोटी एक्स्चेंज तिने तयार केली. त्याच सुमारास सॅम पित्रोदा यांनी माणसाने चालवायच्या सार्वजनिक फोनचा आग्रह धरला. पिवळ्या पाटीवर ‘एसटीडी, आयएसडी, पीसीओ’ लिहिलेले बूथ हे त्याचे फळ. अर्जदारांत अपंगांना प्राधान्य असे आणि चालकाला प्रत्येक कॉलवर कमिशन मिळे. साहजिकच फोन बंद पडला की खात्याकडे खेटे घालणारा पहिला माणूस तोच. लोखंडी खोली अशी तक्रार करत नाही. माझ्या मते ही योजना लाल खोलीपेक्षा सरस होती, देखणी नसली तरी.

पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्यांना या बूथचा नखरा सांगायला नको. काचेच्या दाराआड उकाडा, समोर लाल आकडे पळवणारा मीटर, आणि पाव दराची वाट पाहत रात्री उशिरा लागलेली रांग. आकडा पन्नाशीकडे सरकला की ‘बाकी सगळं ठीक, ठेवतो’ म्हणून माणसे अर्ध्या वाक्यात फोन ठेवत.

खेड्यांचे काय? १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत प्रत्येक गावात सार्वजनिक फोन देण्याचे ठरले. पुष्कळ गावांत तो तारेऐवजी उंच खांबावरच्या अँटेनाने, रेडिओलहरींवर चालणारा होता, आणि वरचेवर मुका होई. तो ठेवलेला असे ग्रामपंचायतीत किंवा कोणाच्या तरी घरी. म्हणजे इथेही फोनशेजारी माणूस आलाच.

बिनमाणसाच्या खोलीच्या सर्वांत जवळ जाणारी आपली वस्तू म्हणजे किराणा दुकानाच्या फळीवरचा रुपयाच्या नाण्याचा फोन. तो बहुधा लाल असे, एवढेच त्याचे इंग्रजी खोलीशी नाते. त्याचे कोडे अनेकांना पडते : पलीकडचा ‘हॅलो हॅलो’ म्हणतो ते आपल्याला ऐकू येते, पण नाणे पडेपर्यंत आपला आवाज त्याला का जात नाही? याचे कारण एक्स्चेंजमध्ये आहे. पलीकडे फोन उचलला गेला की एक्स्चेंज आपल्या लाइनवरच्या विजेची दिशा उलटवते, म्हणजे धन-ऋण टोकांची अदलाबदल होते. डब्यातल्या यंत्राला तेवढी खूण पुरते. कॉल लागला हे ओळखून ते नाणे मागते आणि ते पडेपर्यंत आपला माइक बंद ठेवते. नाणे नाही पडले तर कॉल तुटतो. उचलल्याशिवाय पैसे नाहीत, हे हुशार मंडळींच्या लगेच लक्षात आले. एक रिंग देऊन ठेवले, की घरच्यांनी समजायचे : पोहोचलो. मोबाइलच्या मिस्ड कॉलचे हे पूर्वज.

तुमच्याकडे रेल्वे फाटकाजवळच्या गुमटीत एकटाच फोन दिसतो, तोही सार्वजनिक असावा असे काहींना वाटते. तो नाही. त्याचे दुसरे टोक स्टेशन मास्तरच्या टेबलावर असते. साध्या, सिग्नलशी न जोडलेल्या फाटकावर गेटमन फाटक लावल्यावर मास्तरला एक खासगी क्रमांक सांगतो. तो क्रमांक दोघांच्या वहीत नोंदला जातो. फाटक लागल्याची ती खात्री असते. तेव्हा घरी फोन लावायला त्याच्याकडे रिसीव्हर मागू नका.

मोबाइलवर येणारे कॉल १ मे २००३ पासून फुकट झाले आणि नाण्याच्या फोनची गरज भराभर संपली. इंग्लंडमध्येही तेच झाले, पण तिथे खोली वाचली. तिथल्या बीटी या टेलिफोन कंपनीने ती एका पौंडात गावाला दत्तक द्यायला सुरुवात केली. कुठे तिच्यात वाचनालय आहे, कुठे हृदयाचे अचानक बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायचे यंत्र. २०२२ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने, मोबाइलची रेंज नाही अशा किंवा अपघातप्रवण जागांवरचे सुमारे ५ हजार चालू फोन काढायला मनाई केली. वर्षाला ५२ किंवा त्याहून अधिक कॉल होत असतील तरीही त्या फोनला संरक्षण आहे. म्हणजे चित्रातल्या काही खोल्या आजही खरोखर बोलतात.

राहता राहिले तुमचे शेत. अस्सल के-६ ओतीव लोखंडाची, सागवानी दाराची आणि जवळजवळ ७०० किलो वजनाची असते. काळ्या मातीत पाया नीट भरला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात ती कलेल. हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यांना फोटो काढायला हवी असेल, तर फायबरची हलकी नक्कल पुरे. मात्र परभणीच्या मे महिन्यात कोणालाही आत उभे करून दार लावू नका.