नॉब फिरवायच्या आधी

नागपूर, वैशाख

चि. निखिल,

परवा फोनवर तुझ्या आवाजातच चिडचिड कळली. खाऱ्या पाण्याच्या टँकला नवा स्किमर लावून चार दिवस झाले. कधी कपात थेंब नाही, कधी एकदम ऊत, आणि तू दर तासाला नॉब फिरवतोयस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

ताई वरण शिजवताना वर आलेला फेस डावाने काढते ना, तेच काम हे यंत्र करतं. माशांची घाण, उरलेलं खाणं यांतले चिकट पदार्थ बारीक बुडबुड्यांना धरून वर येतात आणि कुजायच्या आधीच टँकबाहेर पडतात. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राला लागूनच उभं राहिलं. आपण मात्र आरओच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून समुद्र घरी करतो. तो सांभाळायलाच हवा.

नव्या स्किमरच्या आतल्या भिंतींवर कारखान्यातला तेलकट थर असतो. तो जाईपर्यंत फेस लहरीच वागणार. आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. गोड्या पाण्यात चालवून बघू नकोस. तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, फेस धरतच नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझा स्किमर संपच्या, म्हणजे टँकखालच्या पेटीच्या, शेवटच्या कप्प्यात आहे, पाणी वर परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाशेजारी. टँकमधलं सगळं उडालेलं पाणी त्याच कप्प्यात कमी दिसतं. ३० बाय ४० सेंटीमीटरच्या कप्प्यात सुमारे सव्वा लिटर पाणी उडालं की पातळी एक सेंटीमीटर उतरते, आणि तेवढ्यानेही फेस खाली बसतो. नवतपाचं कडक ऊन तोंडावर आहे. तुझ्या वर्ध्यातही तेव्हा किती पाणी उडतं, हे तुला सांगायला नको. म्हणजे दोष नॉबचा नाही, पातळीचा आहे. स्किमरपुढे आडवी काच लावून त्याचा कप्पा वेगळा कर. तोवर कप्प्यावर पातळीची खूण करून सकाळ-संध्याकाळ तिथपर्यंत आरओचं पाणी भर. मिठाचं नको, मीठ उडून जात नाही.

मी एकदा काय केलं, ते ऐक. रात्री गोठवलेलं खाणं घातलं आणि फेस बसला. खाण्यातल्या तेलाने तो तसा बसतोच, काही तासांत आपोआप येतो. मला धीर नव्हता. नॉब आवळून स्किमरमधली पातळी चढवली आणि झोपलो. मध्यरात्री फेस परतला आणि कप सकाळपर्यंत वाहत राहिला. खारं पाणी फरशीवर, आणि त्याच्या जागी आपोआप भरणाऱ्या पंपाने ४० लिटरचा आरओचा कॅन संपमध्ये रिकामा केलेला. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ वरून १.०२२ वर. प्रवाळ आठवडाभर मिटून होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून पातळी स्थिर झाल्यावरच नॉबला हात लाव. केसभर फिरव आणि पूर्ण दिवस थांब. बुडबुडे संपून फेस सुरू होतो ती रेघ कपाच्या मानेच्या तळाशी आली की पुरे. कपात कडक कोऱ्या चहासारखं पाणी यायला हवं. फिकट येत असेल तर तू नुसतं मीठ बाहेर टाकतोयस.

दर रविवारी मानेच्या आतला चिकट थर पुसून काढ. तो असला की फेस वर चढत नाही. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचतं, तिथून कोमट आरओचं पाणी ओढू दे.

येत्या रविवारी कपातलं पाणी काचेच्या ग्लासात ओत आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढून पाठव. रंग बघून पुढचं सांगतो.

तुझा,
मामा