घरबसल्या जोडधंदा : पगारी प्रश्नावल्या व गुप्त ग्राहक

गेल्या जून महिन्यांत शाळा सुरू होऊन पंधरा दिवसहि झाले नव्हते, तोंच दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला व त्यानें एक जाहिरात आमच्यापुढें धरली. “घरबसल्या आपलें मत द्या व दररोज दोन हजार रुपये मिळवा” असा तिचा मथळा होता. या मुलाचे वडील बरेच दिवस आजारी आहेत व घर आईच्या शिवणकामावर चालतें, हें आम्हांस ठाऊक होतें. तेव्हां तो लोभानें विचारीत नव्हता. “सर, हें खरें असतें का?” एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि आम्हांस त्याचें उत्तर ठाऊक नव्हतें. “चौकशी करून सांगतों,” असें म्हणून आम्हीं त्यास वर्गांत पाठविलें. त्या चौकशींत जें हातीं लागलें तें विद्यार्थ्यांनीं, व विशेषतः त्यांच्या पालकांनीं, वाचावें म्हणून येथें देत आहों.

प्रथम, आपलें मत कोणी पैसे देऊन कां घ्यावें, हें पाहूं. लोकांच्या घरीं जाऊन प्रश्न विचारण्याची रीत आपल्या इकडे नवी नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून तिजवरील पुस्तक १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें गोखले अर्थशास्त्र संस्थेनें प्रो. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं पुणें शहराची पाहणी केली, व तिचा पहिला भाग १९४५ सालीं छापला गेला. त्या पाहण्या ज्ञानासाठीं होत्या. आज साबण, चहा, विमा, मोटारी वगैरे विकणाऱ्या कंपन्या जी पाहणी करवितात, ती माल खपावा म्हणून. आणि तें काम आतां बहुतेक इंटरनेटवरून होतें. दारोदार माणूस पाठविण्यापेक्षां उत्तर देणारास थोडे पैसे देणें कंपनीस स्वस्त पडतें. म्हणजे हा धंदा मुळांत खोटा नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. १९३६ सालीं अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक व्हावयाची होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नांवाच्या एका मोठ्या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि लोकांस मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या, व त्यांवरून लॅण्डन निवडून येणार असें त्यानें छापलें. जॉर्ज गॅलप यानें त्याहून कितीतरी थोड्या लोकांस विचारून रूझवेल्टचें नांव सांगितलें. निकाल लागला तेव्हां अठ्ठेचाळीसपैकीं सेहेचाळीस संस्थानें रूझवेल्टकडे गेलीं होतीं. साप्ताहिकाच्या याद्या बहुतांशीं टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्या लोकांच्या होत्या. शिवाय ज्यांस पत्रिका धाडल्या त्यांतील फारच थोड्यांनीं उत्तर दिलें. तेव्हांपासून पाहणी करणारे शिकले कीं, उत्तरें पुष्कळ असून उपयोग नाहीं, योग्य माणसांचीं असावीं लागतात. म्हणून प्रत्येक पाहणींत अमुक वयाचे इतके, अमुक मिळकतीचे इतके, असा वांटा अगोदर ठरलेला असतो. तो वांटा भरला, किंवा आपण त्यांत बसत नसलों, कीं प्रश्नावली मध्येंच बंद होते आणि तोंवरचे आपले श्रम फुकट जातात.

हें आम्ही पुस्तकांतून सांगत नाहीं. आम्हीं स्वतः दोन कंपन्यांत नांव नोंदवून सहा आठवडे हा उद्योग करून पाहिला, व प्रत्येक वेळीं घड्याळ पाहून वहींत नोंद केली. हिशेब असा झाला. एकंदर ४२ प्रश्नावल्या उघडल्या. त्यांपैकीं २५ मधून आम्ही बाद झालों; त्यांत १२५ मिनिटें गेलीं. उरलेल्या १७ पुऱ्या केल्या. त्यांस ३७५ मिनिटें लागलीं. एकूण ५०० मिनिटें, आणि जमा झालेल्या गुणांची किंमत ३५० रुपये. आतां मुलांनीं त्रैराशिक मांडावें : ५०० मिनिटांस ३५०, तर ६० मिनिटांस किती? उत्तर ४२ रुपये. केवळ पुऱ्या झालेल्या प्रश्नावल्यांचा वेळ धरला तर तोच दर ताशी ५६ होतो, व जाहिरात करणारा अर्थातच तोच दर सांगेल. ताशी ४२ रुपयांप्रमाणें दिवसास दोन हजार मिळवावयाचे तर सुमारें पावणेअठ्ठेचाळीस तास काम केलें पाहिजे, आणि देवानें दिवसास चोवीसच तास दिले आहेत.

शिवाय हे ३५० रुपये हातांत आले असेंहि नाहीं. एका कंपनीकडे २३० झाले. ते रोख न मिळतां एका दुकानाच्या खरेदीची चिठ्ठी म्हणून मिळाले, व तिच्यांतून आम्हीं एक शब्दकोश घेतला. दुसरीकडचे १२० तेथेंच अडकून आहेत, कारण ३०० झाल्याखेरीज ती कांहीं देत नाहीं. ही अट नियमांत लिहिलेली होती; आम्हींच ती नीट वाचली नव्हती.

पैशांहून आम्हांस एका दुसऱ्या गोष्टीचें अधिक वाटलें. “आपल्या घरीं मोटार आहे काय?” या प्रश्नास आम्हीं खरें उत्तर दिलें कीं प्रश्नावली बंद पडे. असें चार वेळां झाल्यावर पांचव्या वेळीं बोट ‘होय’ कडे वळूं लागलें, हें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. चाळिशी उलटलेल्या, मुलांस रोज खरें बोलावयास सांगणाऱ्या शिक्षकाची ही गति, तर कोंवळ्या मुलाची काय होईल? कंपन्यांसहि हें माहीत आहे. म्हणून त्या मधूनच “या ओळींत तिसरा पर्याय निवडा” असा सांपळा लावतात, किंवा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हां विचारतात. उत्तरें जुळलीं नाहींत कीं सांचलेले गुण जप्त होतात. चार-सहा रुपयांसाठीं खोटें बोलण्याची संवय लागावी आणि ते चार-सहा रुपयेहि हातीं येऊं नयेत, असा हा व्यवहार आहे.

आतां दुसऱ्या उद्योगाकडे वळूं. इंग्रजींत त्यास ‘मिस्टरी शॉपिंग’ म्हणतात. आम्ही गुप्त ग्राहक म्हणतों. बगदादचा खलिफा हारून वेष पालटून रात्रीं शहरांत हिंडे, ही गोष्ट मुलांनीं अरबी कथांत वाचली असेलच. आज तेंच काम मोठीं दुकानें, उपाहारगृहें, बँका, पेट्रोलपंप हीं आपल्या शाखांविषयीं करवितात. ही पद्धत गेल्या शतकांत अमेरिकेत रुजली. काम असें : कंपनी एक पत्रक धाडते, अमुक दिवशीं अमुक वेळांत त्या दुकानीं जावें, अमुक वस्तु मागावी, रांगेंत किती मिनिटें उभें राहावें लागलें, नोकरानें काय विचारलें, बिल दिलें कीं नाहीं, हें लक्षांत ठेवावें व ठरलेल्या मुदतींत, पुष्कळदां एका दिवसाच्या आंत, लिहून पाठवावें. वस्तूची किंमत परत मिळते व वर थोडी फी. बिल हरवलें किंवा वेळ चुकली तर कांहींच मिळत नाहीं. जातायेतांचें भाडें बहुधा आपलेंच.

या कामास लागणारें कौशल्य मात्र शाळेंत शिकविण्यासारखें आहे. “नोकर उद्धट होता” असें लिहिलेलें चालत नाहीं. “मी किंमत विचारली तेव्हां त्यानें मान वर न करतां फळीकडे बोट केलें” असें लिहावें लागतें. आमच्या मुलांच्या निबंधांत विशेषणें फार व पाहिलेलें थोडें असतें, म्हणून हें विशेष सांगितलें.

खोट्या ग्राहकाची ही युक्ति लोकोपयोगी कामांतहि आणतां येते. मुंबई व पाटणा या शहरांत संशोधकांनीं शिकवून तयार केलेलीं माणसें क्षयाचीं लक्षणें सांगत खासगी डॉक्टरांकडे पाठविलीं व पुढें काय झालें तें टिपून घेतलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत अडीच हजारांहून अधिक भेटी होत्या, आणि त्यांपैकीं योग्य उपचार झाला तो शेंकडा सुमारें ३५ भेटींत. रोगी म्हणून गेल्याखेरीज हें कोणास कळलें असतें? म्हणून, वेष पालटणें म्हणजे लबाडीच, असें आम्ही एकदम म्हणणार नाहीं. ग्राहक खरोखर पैसे देतो, वस्तु घेतो, आणि मालकानेंच त्याची योजना केलेली असते.

परंतु फळीपलीकडे जो उभा असतो त्याचाहि विचार केला पाहिजे. आमचा एक माजी विद्यार्थी पादत्राणांच्या दुकानांत नोकर आहे. त्या दुकानांत गुप्त ग्राहकाच्या अहवालावरून गुण देतात व गुण कमी पडले तर महिन्याचा भत्ता कापतात. एका दिवाळींत, दुकान गर्दीनें फुललें असतां व घसा बसला असतां, “नोकरानें नमस्कार केला नाहीं” एवढ्या वाक्यानें त्याचा भत्ता गेला. अहवाल खोटा नव्हता. पण अपुरा होता. हें काम करूं इच्छिणारानें ध्यानांत ठेवावें कीं, आपण दहा मिनिटांत भरलेल्या कागदावर दुसऱ्याच्या घरचें दूध अवलंबून असतें. ओळखीच्या किंवा भांडणाच्या दुकानीं तर जाऊंच नये.

येथपर्यंत खऱ्या धंद्याची गोष्ट झाली. आतां त्याच्या नांवावर चालणाऱ्या चोरीविषयीं लिहितों, आणि याच भागासाठीं हा लेख लिहिला असें समजण्यास हरकत नाहीं. अमेरिकेत चोर एखाद्यास ‘गुप्त ग्राहक’ नेमून चेक धाडतात. तो खात्यांत भरून त्यांतील कांहीं रक्कम अमुक ठिकाणीं पाठवावी व तेथील सेवा कशी वाटली तें कळवावें, असें सांगतात. चेक कांहीं दिवसांनीं खोटा ठरतो. तोंवर धाडलेले पैसे गेलेले असतात. आपल्या इकडे चेकांऐवजीं मोबाईलवरील ‘टास्क’ आहे. आमच्या शाळेच्या एका पालकभगिनीची हकीगत त्यांच्या परवानगीनें, नांव न देतां, देतों.

त्यांस तीन हॉटेलांस चांगले तारे देण्याचें काम मिळालें व लगेच १५० रुपये खात्यांत आले. दुसऱ्या दिवशीं १,००० रुपये अनामत ठेवावयास सांगितलें व सायंकाळीं १,३०० परत आले. विश्वास बसला. मग ५,००० भरले. पडद्यावर ६,५०० दिसूं लागले, पण काढावयास गेल्यावर सांगण्यांत आलें कीं, हें काम जोडीनें आहे, पुढचें पुरें केल्याविना रक्कम सुटत नाहीं. त्यांनीं १२,००० भरले. मग आधींचे बुडूं नयेत म्हणून २८,०००. एका गटांत इतर ‘सभासद’ आपणांस मिळालेल्या पैशांचीं चित्रें धाडीत होते. ते सारे त्याच टोळीचे. एकंदर ४५,००० गेले. वर आलेले ४५०. मुलीच्या कॉलेजसाठीं सहा वर्षें सांठविलेले ते पैसे होते. घरीं सांगावयाचें धैर्य त्यांस तीन दिवस झालें नाहीं, आणि तेच तीन दिवस महत्त्वाचे होते. पुढें तक्रार झाली. त्यांतले थोडेच पैसे बँकेनें थोपविले होते.

पालकांस आमची विनंति आहे कीं, असें कोणाच्याहि घरीं घडल्यास लाज बाजूस ठेवून त्याच घटकेस १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असतात. लवकर कळलें तरच ते वाटेंत अडवितां येतात. त्यांहून लहान दिसणारा पण अधिक घातक प्रकार म्हणजे “तुमचें खातें आम्हांस वापरूं द्या, दरमहा इतकें देऊं” हा होय. त्या खात्यांतून लुटीचा पैसा फिरतो, आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारीं येतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : खरें काम देणारा कामकऱ्याकडून पैसे घेत नाहीं. नोंदणीची फी, अनामत, प्रशिक्षणाचा खर्च, कोणत्याहि नांवानें मागितला तरी तेथेंच थांबावें.

विद्यार्थ्यांच्या वयाविषयींहि दोन शब्द. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें अज्ञानास करार करतां येत नाहीं, व असा करार मुळांतच रद्द समजावा असा निर्णय प्रीव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं दिला. वयाची मर्यादा अठरा वर्षें. गुप्त ग्राहकाचें काम म्हणून अल्पवयी मुलास घेतां येत नाहीं, आणि वडिलांच्या नांवानें मुलानें प्रश्नावली भरणें हें तर पहिल्याच ओळीस खोटें लिहिणें झालें. ज्यांस अठरा वर्षें पुरीं झालीं आहेत व फावला वेळ आहे, त्यांनीं महिन्यास शेंदोनशें रुपयांच्या अपेक्षेनें हें करून पाहण्यास हरकत नाहीं. संसार त्यावर चालणार नाहीं.

असो. ज्या मुलानें आम्हांस प्रश्न विचारला त्याच्या फीची सोय शाळेनें केली आहे. सहा आठवड्यांनंतर आम्हीं आपली वही त्याच्यापुढें ठेवली. त्यानें सगळें त्रैराशिक पुन्हां करून पाहिलें आणि जरा संकोचानें म्हणाला, “सर, इंटरनेटचा खर्च आपण वजा केलाच नाहीं.” खरेंच, तो राहून गेला होता. दुरुस्त केलेली वही शाळेच्या वाचनालयांत ठेवली आहे. ज्यास पाहावयाची असेल त्यानें ग्रंथपालांकडे मागावी.