पायवाटेवरचा भूगोल : आळंदी ते पंढरपूर

'जलविभाजक' हा शब्द आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. दोन नद्यांच्या खोऱ्यांस वेगळे करणारा उंच भाग म्हणजे जलविभाजक, ही व्याख्या मुले एका सुरात म्हणतात, चाचणीत बिनचूक लिहितात, आणि शाळेमागील टेकडीकडे बोट दाखवून "मग ही कोण?" असे विचारले म्हणजे गप्प राहतात. माझ्या वर्गात सतरा वर्षे असेच चालले होते. दोष मुलांचा नव्हता. मी स्वतः एकही जलविभाजक पायी ओलांडला नव्हता. मोटारीच्या खिडकीतून घाट पाहिले होते इतकेच.

तो ओलांडण्याचा योग २०१८ साली आला. अध्यापक विद्यालयात माझ्याबरोबर एकाच खोलीत राहिलेला एक स्नेही कऱ्हाकाठच्या एका गावी शिक्षक आहे. त्याच्या घरी पिढ्यानुपिढ्या वारी. त्याने निरोप धाडला, "यंदा चल माझ्याबरोबर. भूगोलाची पुस्तके मात्र घरी ठेव." वर्ष नुकतेच सुरू झालेले, पहिलीची मुले अजून रडत येत होती, अशा वेळी अठरा-वीस दिवस शाळा सोडणे माझ्या मनास पटेना, आणि तितकी किरकोळ रजाही शिल्लक नसते, हे वाचकांस ठाऊक आहेच. शेवटी असे ठरले की, २०१८ साली आळंदीहून लोणंदपर्यंत चालावे आणि २०१९ साली लोणंदहून पंढरपुरापर्यंत. वारीचे असे दोन तुकडे करणे कोणाही वारकऱ्यास रुचणार नाही. स्नेह्यासही रुचले नाही. पण हजेरीपत्रक हेही एक व्रतच आहे, असे सांगून मी त्याची समजूत घातली.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरास पोहोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटर. पुणे, सातारा व सोलापूर असे तीन जिल्हे लागतात. आज जो शिस्तबद्ध सोहळा आपण पाहतो, त्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी बसविली. रथापुढील व रथामागील दिंड्यांस क्रमांक असतात, आणि सायंकाळच्या समाजआरतीत चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समुदाय क्षणात शांत होतो. वर्गात छडी आपटून ज्यांचा हात दुखतो, त्यांनी हे एकदा अवश्य पाहावे.

परंतु मला लिहावयाचे आहे ते वाटेविषयी.

पुण्याहून सासवडचा टप्पा सर्वांत लांब. तीस किलोमीटरांहून अधिक. हडपसरपर्यंत शहर संपतच नाही. मग वडकी येते, आणि समोर दिवे घाट आडवा उभा राहतो. येथे रथास जादा बैलजोड्या लावतात. मोटारीतून हा घाट काही मिनिटांचा. पायी मात्र प्रत्येक वळण अंगावर येते. खाली मस्तानी तलाव लहान होत जातो, आणि मागे वळून पाहिले की पुण्याचा सारा सखल प्रदेश एका दृष्टीत मावतो. माथ्यावर आल्यावर माझी अशी अपेक्षा होती की, जितके चढलो तितकेच आता उतरू. तसे झाले नाही. पलीकडे उतार आहे, पण थोडा. आपण एका उंचावरील पठारी खोऱ्यात आलेलो असतो. ते कऱ्हेचे खोरे. मागे टाकलेले ते मुळा-मुठेचे. मधली डोंगराची ओळ म्हणजे सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेली भुलेश्वरची रांग. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इकडे पोहोचतात ते हलके होऊन. म्हणून सासवड-जेजुरीकडे वाटेत ओढे लागतात, पण त्यांत पाणी असेलच असे नाही.

जेजुरी सोडल्यावर दौंडजची खिंड लागते. हिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, कारण ती दिवे घाटासारखी दमवीत नाही. आम्ही विसाव्याला बसलो होतो आणि बारीक सर आली. स्नेही म्हणाला, "भूगोलाचे गुरुजी, सांगा बघू, हे पाणी कोणत्या नदीला जाणार?"

मी ठामपणे म्हटले, "कऱ्हेला. जेजुरी कऱ्हेच्या खोऱ्यात आहे."

"जेजुरी मागे राहिली, बाबा. तू बसला आहेस तिकडचा उतार बघ. तिकडचे पाणी नीरेला जाते. माझ्या पाठीमागचे जाते कऱ्हेला."

मी उठून पाहिले. रस्त्याच्या कडेची पाण्याची धार खरोखरच वाल्ह्याच्या दिशेने चालली होती. सतरा वर्षे ज्याची व्याख्या मी घोकून घेतली, त्यावर बसून मी चहा पीत होतो आणि मला ते कळले नव्हते.

वाल्ह्याच्या पुढे नीरा नदी. येथे माउलींच्या पादुकांस स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. पलीकडे पाडेगाव, तेथे ऊस संशोधन केंद्र आहे. आतापर्यंत बाजरीची पेरणी आणि कोरडी शिवारे पाहत आलेल्या डोळ्यांस येथून ऊस दिसू लागतो. पाऊस वाढला म्हणून नव्हे. पाऊस येथेही बेताचाच. वरच्या अंगास भाटघर व वीर येथे अडविलेले पाणी कालव्यांनी येते म्हणून. नीरेचा उजवा कालवा फलटण, माळशिरस या तालुक्यांस पाणी पुरवीत पुढे जातो, आणि पालखीची वाटही त्याच भागातून जाते. दक्षिणेकडे महादेवाचे डोंगर. तिकडून येणारे ओढे उत्तरेस नीरेकडे वाहतात. फलटणची बाणगंगा त्यांपैकीच. पाऊस आणि पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांस समजावून देण्यास वाल्हे ते फलटण या वाटेइतके चांगले उदाहरण मजजवळ दुसरे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती मला वाटेवर सुचली नाही, घरी नकाशा पसरल्यावर दिसली. आळंदी इंद्रायणीवर. इंद्रायणी तुळापूरजवळ भीमेस मिळते. पुण्याची मुळा-मुठा पुढे भीमेसच मिळते. सासवडची कऱ्हा नीरेस मिळते, आणि नीरा नरसिंहपुराजवळ भीमेस. ती भीमा पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणावयाचे. म्हणजे वारकरी ज्या ज्या नदीचे पाणी ओलांडतो, ते सारे अखेरीस पंढरपुराच्या घाटावरूनच जाते. माणसे डोंगर चढून जवळच्या वाटेने येतात. पाण्यास डोंगर चढता येत नाही, म्हणून ते वळसा घेऊन येते. इतके सांगितले की जलविभाजकाची व्याख्या मुले स्वतःच करतात. एक भर मात्र घालावी लागते. इंद्रायणीचे आणि मुळा-मुठेचे पाणी आता सरळ पंढरपुरास येत नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात ते थांबते, आणि वारीच्या दिवसांत चंद्रभागेस किती पाणी असेल हे पुष्कळदा तेथून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. नीरा मात्र उजनीच्या खालच्या बाजूस मिळते.

हा पाठ मी कसा घेतला ते थोडक्यात सांगतो. शाळेच्या अंगणात ओल्या मातीचा उठाव केला. पश्चिमेकडे उंच, पूर्वेकडे उतरता. त्यावर पूर्व-पश्चिम अशा दोन ओळी उभारल्या. उत्तरेकडील ओळ दिवे घाटाची, दक्षिणेकडील दौंडजच्या खिंडीची. त्यामुळे तीन पन्हळी तयार झाल्या : भीमेची, कऱ्हेची व नीरेची. मधली पुढे जाऊन दक्षिणेकडील पन्हळीस जोडली आणि ती उत्तरेकडीलीस. मुक्कामांच्या जागी खडे ठेवले. मग एकीत हळदीचे पाणी, दुसरीत गेरूचे, तिसरीत निळीचे सोडले. पाणी ओतण्यापूर्वी "कोणते पाणी कोठे जाईल?" हे विचारून घ्यावे, ओतल्यानंतर विचारण्यात अर्थ नाही. पंढरपूरच्या खड्यापाशी तिन्ही रंग मिसळून मातकट पाणी आले, तेव्हा झालेला गलबला शेजारच्या वर्गातील बाईंस आवडला नाही.

गणितासही येथे भरपूर काम आहे. मुलांनी शंभर पावले चालून ते अंतर फितीने मोजावे. चौथीतील मुलाचे पाऊल अर्ध्या मीटरच्या आसपास भरते. म्हणजे एका किलोमीटरास सुमारे दोन हजार पावले. अडीचशे किलोमीटरांस किती? प्रत्येकाचे उत्तर निराळे येऊ द्यावे, कारण प्रत्येकाचे पाऊल निराळे आहे. नकाशावर एक सेंटिमीटरास दहा किलोमीटर असे प्रमाण धरले, तर दोरा वाटेवरून पसरल्यास पंचवीस सेंटिमीटर भरतो. तोच आळंदी-पंढरपूर सरळ ताणला तर एकोणीसच्या आत-बाहेर. उरलेला दोरा कोठे गेला, हा प्रश्न मुलांवर सोडावा.

ज्यांच्या शाळा या वाटेवर नाहीत त्यांनी आपल्या भागातील वाट घ्यावी. पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी येते, तिला गोदावरीचे खोरे सोडून भीमेच्या खोऱ्यात यावे लागते. मुक्ताईनगरहून येणारी मुक्ताबाईंची पालखी तर तापी, गोदावरी व भीमा अशी तीन खोरी पाहते. त्यांतील तापी पश्चिमेस अरबी समुद्रास जाणारी आणि बाकीच्या दोन पूर्वेकडे वाहणाऱ्या. घाट आणि खिंडी कोणत्याही धर्मपंथाच्या नसतात, तेव्हा वर्गातील सर्व मुलांस हा पाठ सारखाच आपला वाटला पाहिजे. एखादे मूल विचारील, देवळात सर्वांस जाऊ देत होते का? त्यास खरे ते सांगावे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींस पंढरपुरात उपोषण करावे लागले. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, हेही सांगावे.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी, असे मनात होते. २०१७ साली माझ्या चौथीच्या वर्गातील एक मुलगा आजीबरोबर वारीस गेला होता. जवळजवळ तीन आठवडे गैरहजर. तो परत आला त्या दिवशी मी साऱ्या वर्गासमक्ष म्हणालो, "या, पंढरपूरकर!" मुले हसली. मधल्या सुट्टीत बसवून त्याच्याकडून बुडालेले सारे धडे मी उतरवून घेतले. तो काही बोलला नाही. त्या वाटेने काय पाहिलेस, एवढे विचारण्याचेही मला सुचले नाही. पुढच्याच आठवड्यात मी त्या वर्गास जलविभाजक शिकविला, आणि तो दोन वेळा जलविभाजक ओलांडून आलेला मुलगा मागच्या रांगेत व्याख्या पाठ करीत होता.

दौंडजच्या खिंडीत मला आठवण झाली ती त्याची. स्नेह्यास सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आहे ना अजून तो तुझ्या शाळेत? मग बोलाव की त्याला."

आमची शाळा सातवीपर्यंत आहे. मी परतलो तेव्हा तो पाचवीत होता. अंगणातील उठाव करताना मी त्याला चौथीच्या वर्गापुढे बोलावले आणि म्हणालो, "मागच्या वर्षी मी तुला विचारावयास हवे होते, ते आज विचारतो. वाट कशी आहे, ते या मुलांना दाखव." आरंभी तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला, यात काही थट्टा आहे की काय, असे त्याला वाटले असावे. मग खाली बसला. दिवे घाटाची ओळ मी फार बुटकी केली होती, ती त्याने माती लावून वाढविली. घाट चढल्यावर पाणी कसे जपून प्यावे लागले, आणि नीरेपुढे आजीने "आला बघ ऊस" असे कसे म्हटले, हे त्याने सांगितले. अखेरीस खड्यांकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही बरड फलटणच्या अलीकडे ठेवले आहे. ते पलीकडे आहे."

मी लोणंदपुढे अजून गेलो नव्हतो; खडे स्मरणाने मांडले होते. "पुढच्या वर्षी पाहून येतो," असे म्हणालो.

२०१९ साली आम्ही दोघे लोणंदहून पुढे निघालो. तरडगाव झाले, फलटण झाले. फलटण सोडून दिवसभर चाललो आणि मुक्कामास पोहोचलो ते बरडला. मी हसतो का, असे स्नेह्याने विचारले. शाळेत परतल्यावर मी वर्गातील भिंतीवरच्या नकाशात बरडची खूण फलटणच्या पुढे सरकवली आणि खाली 'दुरुस्ती' असे लिहून त्या मुलाचे नाव घातले.