युरिक ॲसिड वाढतं कशानं? – प्युरिनचा हिशेब



पायाचा अंगठा एका रात्रीत सुजून लाल होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. डॉक्टर रक्त तपासतात आणि ‘युरिक ॲसिड वाढलंय, गाऊट आहे’ म्हणून सांगतात. मग घरात पहिला हुकूम सुटतो : डाळ बंद! हा हुकूम कितपत बरोबर, हे कळायला शरीरातला प्युरिनचा हिशेब पाहावा लागेल.

प्युरिन म्हणजे विष नव्हे. पेशीतल्या डीएनएची अक्षरं चार. त्यांतली दोन, ॲडेनिन आणि ग्वानिन, ही प्युरिनंच. पेशीला ताकद पुरवणारं एटीपीही प्युरिनपासूनच बनतं.

जमेची बाजू : शरीर, मुख्यतः यकृत, प्युरिन स्वतः तयार करतं. काही अमिनो आम्लं, कार्बन डायऑक्साइड असा साधा माल घेऊन दहा पायऱ्यांत हे काम होतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जॉन बुकॅनन यांनी १९४० च्या दशकात कबुतरांना खूण केलेली द्रव्यं देऊन, कोणता कण कुठून येतो हे शोधलं. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिडच असतं, म्हणून कबुतरं निवडली.

पुनर्वापर : नवं प्युरिन बनवायला ताकद फार लागते. आपण कारखान्यात चिपाड फेकतो का? बॉयलरला घालतो. शरीरही तसंच करतं. जुन्या पेशी मोडल्या की सुटं झालेलं बहुतेक प्युरिन पुन्हा कामाला लावतं. हे काम करणारं एक विकर जन्मतः नसेल तर काय होतं, ते लेश व नायहन या डॉक्टरांनी १९६४ साली वर्णन केलेल्या आजारात दिसतं. अशा मुलांच्या अंगात युरिक ॲसिडचा पूर येतो, आणि ती स्वतःचेच ओठ-बोटं चावतात.

खर्चाची बाजू : उरलेल्या प्युरिनचं झँथिन ऑक्सिडेज हे विकर युरिक ॲसिड करतं. आपल्या गाई-बैलांच्या अंगात ते पुढे मोडून पाण्यात सहज विरघळणारं द्रव्य बनतं. माणसात मात्र ते मोडणारं विकर निकामी झालेलं आहे. म्हणून सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडांनी आणि बाकीचं आतड्यांनी बाहेर टाकावं लागतं. रक्तात १०० मिलिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सांध्यात त्याचे सुईसारखे खडे धरू शकतात.

आता डाळीचं बघू. रोजच्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश शरीराच्या स्वतःच्या प्युरिनपासून होतं. खाण्यातून येतं ते एक तृतीयांश. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली. २००४ साली तिचे निष्कर्ष छापून आले. मटण व मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला. प्युरिन असलेल्या भाज्यांनी मात्र धोका वाढला नाही, आणि दूध-दह्यानं तो कमी दिसला. तेव्हा वरण-आमटी सोडण्याआधी कलेजी, मटण आणि दारू, विशेषतः बिअर, आवरा.

आणखी एक गोष्ट, आपल्याच घरची. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृत फ्रुक्टोज पचवताना एटीपी झपाट्यानं खर्ची घालतं, आणि त्याचा मोडलेला भाग युरिक ॲसिड होऊन निघतो. गुळातही मुख्यतः साखरच असते. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण ऊस आपला, तशी तब्येतही आपलीच. युरिक ॲसिड वाढलेल्यानं गोड चहाचे कप मोजावेत, थंड पेयांच्या बाटल्या टाळाव्यात.

औषधाबाबत दोन शब्द. ॲलोप्युरिनॉल ही गोळी झँथिन ऑक्सिडेजलाच अडवते. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ती पुढे आली, त्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्स यांना औषधसंशोधनासाठी १९८८ साली नोबेल मिळालं. दुखणं थांबलं म्हणून ही गोळी आपल्या मनानं बंद करू नये. खडे विरघळायला महिने-वर्षं लागतात. मात्र अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून खाल्ल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचा मोठा भार तर त्याच्यावरच.

तोडणीच्या दिवसांत फडावर पाण्याची कळशी जवळ ठेवा, आणि दुखलं तर अंगावर काढू नका.