बांधावर तरवड, तुरीवर भुंगे

मृगाच्या तोंडावर पेडगाव शिवारात बांध साफ करण्याची घाई होते. या सफाईत तणनाशकाखाली नाहीतर जेसीबीच्या दातांखाली तरवडही जातो. यंदा तो राखा. नसेल तर लावा. हे आपल्याच माळरानाचे झुडूप आहे. एकदा मुळावले की पावसाने ओढ दिली तरी तगते आणि पाणी मागत नाही. गुरे-शेळ्याही सहसा त्याला तोंड लावत नाहीत.

शेताला काय मिळते?
तरवडाच्या फुलात मकरंद नसतो, पराग मात्र भरपूर असतात. ते पुंकेसराच्या टोकावरील छिद्रातूनच बाहेर पडतात. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा ते झडतात. वांग्याच्या फुलाचीही रचना अशीच असते. तुरीचे फूल दाबून उघडायलाही भुंग्यासारखी दणकट माशी लागते. तूर बरीचशी स्वतःच्या परागावर शेंग धरते, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. पण बीडीएन ७११ सारखी तूर फुलावर येण्याआधी बांधावर चारा असेल, तर भुंगे शिवारातच टिकतात. मकरंदासाठी कुंभा आणि रानतुळसही बांधावर राहू द्या.

ओळख
तरवड आणि तरोटा यांत गल्लत नको. तरोटा पावसाळ्यापुरता उगवतो, त्याच्या पानात पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि शेंग लांब, बारीक, वाकडी असते. तरवड बहुवर्षायू आहे. पर्णिकांच्या जोड्या आठ-बारा, फुले मोठी पिवळी आणि शेंगा चपट्या, कागदासारख्या.

लागवड
- बी दुकानात शोधू नका. गायरानात, रस्त्याकडेला वाळलेल्या शेंगा मिळतात. सगळ्या ओरबाडू नका, झाडाखाली पडायलाही काही ठेवा.
- बियांचे कवच टणक असते. उकळलेले पाणी चुलीवरून उतरवून बियांवर ओता आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी फुगलेले बी पेरा. न फुगलेल्यांना पुन्हा तेच करा.
- चांगली ओल झाल्यावर चार-चार फुटांवर, प्रत्येक ठिकाणी तीन-चार बिया बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर टोका. पुढे एकच जोमदार रोप ठेवा.
- मुरमाड, हलकी जागा उत्तम. काळ्या रानात बांधाच्या माथ्यावरच लावा. पाणी साचले की रोप कुजते.
- खत नको. पहिल्या पावसाळ्यात रोपाभोवतीचे गवत तेवढे काढा. पहिले वर्ष मुळे धरण्यात जाते, त्यामुळे फुलांची घाई करू नका.
- झुडूप पसरून पिकावर सावली पडू लागली, तर शेंगा काढून झाल्यावर छाटा.

फवारणीचे पथ्य
तरवडाच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या की पंप उचलू नका. त्या बहुधा पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. शेंगा पोखरणारी घाटेअळी तुरीवर शोधा. तिच्यासाठी फवारणी करावीच लागली, तर ती सूर्य कलल्यावर, भुंगे परतल्यावर करा आणि औषधाचा फवारा बांधाकडे वाहू देऊ नका. बांधावर तणनाशक तर नकोच, विळा पुरे.

भुंगे वाळक्या लाकडात भोक पाडून घर करतात. बाभळीचे जुने खोड किंवा कुंपणाची जीर्ण मेढ सरपणाला नेण्याआधी पाहा. बोटाएवढ्या जाडीची गोल भोके दिसली, तर ते लाकूड तुरीचा हंगाम संपेपर्यंत तिथेच राहू द्या.