वजन किती, लघवी केव्हा झाली?

शेलूबाजारच्या चौकातून कारंजा, मालेगाव, मंगरुळपीर, अकोला अशी कुठलीही वाट धरता येते. आमचे मुलांचे डॉक्टर अकोल्याचे. एसटीने महानवरून बार्शीटाकळी आणि मग अकोला, म्हणजे आजारी पोर मांडीवर घेऊन चांगलाच प्रवास. आता समृद्धी महामार्ग गावाजवळून गेलाय, पण तो अकोल्याला जात नाही आणि दुचाकीला त्यावर मुभा नाही. म्हणून निघायचं की नाही हे आधी घरात ठरवावं लागतं आणि त्यासाठी फोन करावा लागतो. डॉक्टर पोराला पाहतात ते काही मिनिटं. रात्रभर पाहिलेलं असतं आपण. ते नीट सांगता आलं तर अर्धं निदान तिथंच होतं, असं माझं ठाम मत आहे. दोन मुलं वाढवताना जे हाती लागलं ते इथं लिहिते.

१. फोन ज्याने रात्र काढली त्याने करावा.
चौकात उभ्या असलेल्या बापाने किंवा मामाने फोन लावला की दर प्रश्नाला "थांबा, घरी विचारून सांगतो" होतं. पलीकडे बहुधा डॉक्टर नसतात, कंपाउंडर असतो, आणि त्याच्यासमोर गर्दी असते. आमच्या डॉक्टरांकडच्या काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पोराले काय होऊन राह्यलं ते मंग सांगा बाई, आधी वय अन् वजन सांगा." त्यानंतर ताप किती आणि केव्हा मोजला, शेवटचं औषध कोणतं, किती आणि किती वाजता दिलं, उलट्या-जुलाब किती, पितं का, शेवटची लघवी केव्हा झाली. हे सगळं कागदावर उतरवून मगच नंबर फिरवायचा. लघवीचा प्रश्न लोकांना उगाच वाटतो. पण पोराच्या अंगात पाणी उरलंय का, हे फोनवरून कळायची ती एक मोठी खूण आहे.

२. "अंग तापलंय" हे पुरेसं नाही.
कपाळाला हात लावून ताप आहे एवढं कळतं, किती ते कळत नाही. डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. काखेत नीट दाबून धरायचा, पीप वाजेपर्यंत काढायचा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, निघायचं. इतक्या लहान बाळाचं अंग उलट गार पडलं तरी तेच.

३. श्वास मोजायला शिकावं.
सगळ्यांत मोलाचं मला हे वाटतं, आणि ते आपल्याच विदर्भातून आलंय. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्यांचा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं श्वासमापक केलं होतं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, त्याचं मूळ याच कामात आहे. तिला दारातूनच "बरं आहे बाळ" म्हणून परत पाठवू नये. तिच्याकडून श्वास मोजणं शिकून घ्यावं.

पद्धत सोपी आहे. पोर शांत असताना किंवा झोपेत असताना झबलं वर करायचं, पोटाकडे पाहायचं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असेल तर तो जोराचा श्वास. लहान बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण बरगड्या उडतात म्हणतो, तर आकड्याचीही वाट पाहू नये.

४. तापाचं औषध वजनावर असतं, वयावर नाही.
पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस साधारण किलोमागे 15 मिलिग्रॅम असतो. पण बाटल्या सारख्या नसतात. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलीलाच 100 मिलिग्रॅम असतं, सिरपच्या पाच मिलीत कुठे 120, कुठे 125, तर कुठे 250. म्हणजे "पाच मिली दे" असं शेजारणीने सांगितलं तर तिच्या बाटलीचं ते पाच मिली, आपल्या नव्हे. फोनवर बाटलीवरचा आकडा वाचून दाखवायचा आणि मगच मात्रा विचारायची.

५. खोकल्याचं औषध मेडिकलमधून आणू नये.
2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत दगावली. खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, त्याने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. छिंदवाडा परका नाही, तिथली माणसं उपचाराला आपल्या नागपुरात येतात. 3 ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही शक्यतो टाळावीत. बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. ही बातमी वाचल्यापासून घरात कोणी "एक बाटली घेऊन ये ना" म्हणालं की मी भांडते, आणि भांडत राहणार.

६. जुलाबात दोन वस्तू: ओआरएस आणि झिंक.
मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पेल्यात टाकायचं नाही. झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईकडे मिळतात.

७. फोनवर औषध सांगितलं नाही म्हणून रुसू नये.
मार्च 2020 मध्ये दूरवैद्यक सेवेची नियमावली आली. प्रत्यक्ष तपासणं गरजेचं वाटलं तर डॉक्टरांनी फोनवर पुढे जाऊ नये, असं तीत स्पष्ट आहे. "घेऊन या" हाही सल्लाच असतो. मधली वाट म्हणून सरकारची ई-संजीवनी आहे, मोफत. पुरळ, डोळे असं दिसणारं काही असेल तर दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो कामी येतो.

८. जाताना फाईल आणि लसीकरणाचं कार्ड घ्यावं. औषधांच्या अर्धवट बाटल्याही पिशवीत टाकाव्यात. "लाल रंगाचं होतं" यावरून काहीच ओळखता येत नाही. नंबर आदल्या दिवशी लावून मिळत असेल तर लावावा. नुसता लसीचा डोस द्यायला तापलेल्या पोरांच्या गर्दीत बसू नये. सरकारी डोस गावातच मिळतो.

९. काही वेळा कंपाउंडरला नव्हे, 108 ला फोन लावायचा.
झटका येत असेल, ओठ निळे पडले असतील, पोर जागं होत नसेल, काहीच पीत नसेल. शेतात-गोठ्यात विंचू चावला तरी. लहान मुलाच्या हृदयावर ते विष जातं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीने अशी मुलं वाचवता येतात हे दाखवून दिलं. वेळ मांत्रिकाकडे घालवला तर गोळी उशिरा पोचते. आणि फवारणीचं औषध किंवा रॉकेल पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही. डबा सोबत घ्यायचा, लेबलसकट. सोयाबीन-कपाशीच्या दिवसांत फवारणीचा डबा घरात खालच्या फळीवर ठेवणाऱ्यांना मी हात जोडते.

१०. निघताना डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचाच: काय दिसलं तर परत आणू?
"तीन दिवसांनी दाखवा" हे वेगळं आणि हे वेगळं. याचं उत्तर चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावं, आणि घरी आल्यावर पोराजवळ जो झोपतो त्याला वाचून दाखवावं. आमच्याकडे ती आजी असते. तिला वाचता येत नाही, पण एकदा ऐकलं की रात्री दोन वाजताही ती बरोबर तेच बघते आणि मला उठवते.